इथला सिंहगड कुठला? टार्नीटमधल्या एका अँटेनाचं प्रकरण

मेलबर्न शहराच्या पश्चिमेला, भर वस्तीपासून पंचवीसेक किलोमीटरवर, टार्नीट नावाचं उपनगर आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी इथे बरीचशी मोकळी माळरानं होती. आता एकसारख्या घरांच्या रांगा आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांतून संध्याकाळी फोडणीचा वास येतो. माझ्या मावसभावाने तिथे २०२४ मध्ये घर घेतलं. डिसेंबरात पुण्याहून मावशी आणि काका आले. भारताचा ऑस्ट्रेलिया दौरा चालू होता आणि २६ तारखेपासून मेलबर्नला बॉक्सिंग डे कसोटी होती. काकांचा दौरा त्याच हिशेबाने आखलेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं.

तिकिटं मिळाली नाहीत. हरकत नाही, म्हटलं, सामना चॅनल सेव्हनवर फुकट दिसतो. इथे टीव्हीचं लायसन्स नाही, ते १९७४ मध्येच बंद झालं. छपरावर अँटेना, भिंतीत सॉकेट, टीव्ही जोडायचा आणि बघायचं. भावाच्या छपरावर आधीच्या मालकाने बसवलेला अँटेना होता, सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरसकट.

२६ तारखेला सकाळी फोन आला. "दादा, टीव्हीवर नुसते चौकोन येतायत. बाबा वैतागलेत."

त्या सकाळी सॅम कॉन्स्टास नावाचा १९ वर्षांचा पोरगा पदार्पणातच बुमराला यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून उलटे फटके मारत होता. काकांना त्यातलं निम्मंच दिसलं. चेंडू सुटायचा, चित्र थिजायचं, हिरवे-गुलाबी चौकोन पसरायचे, आणि चित्र सावरलं की धावफलकावर सहा धावा वाढलेल्या असायच्या. भावाने सेव्हनच्या ॲपवर लावून दिलं. त्या उन्हाळ्यापासून तिथेही क्रिकेट फुकट दिसू लागलं होतं. पण ॲपवरचं चित्र हवेतल्या प्रक्षेपणाच्या बरंच मागे असतं. शेजारचे पंजाबी कुटुंब छपरावरच्या अँटेनावर बघत होतं. कुंपणापलीकडे "ओए!" झालं की इकडे काकांना कळायचं, अर्ध्या मिनिटात काहीतरी घडणार. "हे म्हणजे शेवटचं पान आधी वाचून कादंबरी हातात घ्यायची," काका म्हणाले.

मी दुपारी पोचलो. पारा ४० च्या आसपास होता. छपरावर चढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून खालूनच तपास सुरू केला. तेच बरं झालं.

रिमोटवरचा आकडा आणि हवेतला आकडा

भावाचं निदान तयार होतं: सिग्नल कमी पडतोय, आणखी मोठा बूस्टर लावू. मी टीव्हीच्या मेनूत सिग्नलचं पान उघडलं. तिथे दोन पट्ट्या असतात, एक ताकद, दुसरी गुणवत्ता. बहुतेक जण पहिलीच बघतात. सेव्हनची ताकद निम्म्याच्या वर होती आणि गुणवत्ता शून्य ते चाळीसमध्ये उड्या मारत होती. ॲनालॉगच्या काळात सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, तरी मुंग्यांमागे माणूस ओळखू यायचा. डिजिटलमध्ये तशी मधली अवस्था जवळजवळ नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र आरशासारखं असतं, त्याखाली गेलं की कडा कोसळावा तसं कोसळतं. चौकोन दिसतात तेव्हा आपण कड्याच्या टोकावर उभे असतो.

मग एकेक चॅनल लावून बघितलं. एबीसी तुटत होतं, एसबीएस तुटत होतं, सेव्हन आणि नाईनही. टेन तर लागतच नव्हतं. शेवटी ४४ नंबर दाबला. तिथे सी-३१ हे मेलबर्नचं सामुदायिक चॅनल असतं, आणि त्यावर कुणीतरी मासे पकडत होतं. चित्र स्वच्छ होतं, एक चौकोन नाही.

काकांना त्या माशांचं काही कौतुक नव्हतं, पण माझं काम तिथेच झालं.

इथे थोडं खोलात जावं लागेल, कारण सगळी गोम याच ठिकाणी आहे. रिमोटवर जो आकडा आपण दाबतो तो नुसता पत्ता असतो. चॅनल प्रत्यक्ष हवेत कुठल्या वारंवारितेवर येतं, ते वेगळं. मेलबर्नमध्ये रिमोटवरचा ७ म्हणजे हवेतला ६. रिमोटवरचा ३, म्हणजे एसबीएस, हवेत ७ वर आहे. नाईन हवेत ८ वर, टेन ११ वर, आणि एबीसी, जे रिमोटवर २ आहे, ते हवेत १२ वर. रिमोटवरचे बहुतेक आकडे म्हणजे ॲनालॉग जमान्यातल्या जुन्या नंबरांची आठवण, लोकांची सवय मोडू नये म्हणून ठेवलेली. मेलबर्नमध्ये ॲनालॉग १० डिसेंबर २०१३ ला कायमचं बंद झालं.

हवेतले ६ ते १२ हे सगळे व्हीएचएफ, म्हणजे कमी वारंवारितेच्या आणि लांब लहरींच्या, पट्ट्यातले, साधारण १७४ ते २३० मेगाहर्ट्झ. सी-३१ मात्र हवेत ३२ वर, म्हणजे त्याहून जास्त वारंवारितेच्या, आखूड लहरींच्या यूएचएफमध्ये, ५५७ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे आमच्या घरात व्हीएचएफवरचं सगळं तुटत होतं आणि यूएचएफवरचं एकुलतं एक चॅनल खणखणीत येत होतं. केबल खराब असती, टीव्ही बिघडलेला असता, तर सी-३१ ने काय असं पुण्य केलं होतं?

मी अंगणात गेलो, डोळ्यांवर हात धरून छपराकडे बघितलं आणि हसू आलं. अँटेनाच्या सगळ्या दांड्या वीतभर, फार तर वीत आणि चार बोटं लांबीच्या होत्या.

दांडीची लांबी

अँटेनाच्या मुख्य दांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या साधारण निम्मी असावी लागते. हिशेब शाळेतलाच आहे. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. सेव्हन १७७.५ मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे लहर १.६९ मीटर, निम्मी केली की ८५ सेंटिमीटरला थोडी कमी. सी-३१ साठी तोच आकडा २७ सेंटिमीटर. भावाच्या छपरावर २७ सेंटिमीटरवाला अँटेना होता आणि त्याच्याकडून ८५ सेंटिमीटरच्या लहरी पकडायची अपेक्षा होती. चहाच्या गाळणीने विहिरीचं पाणी उपसण्यातला प्रकार.

भाव खाऊन गेली ती खोक्यावरची अक्षरं. गॅरेजच्या माळ्यावर आधीच्या मालकाचं खोकं सापडलं, त्यावर ठळक लिहिलेलं: 'एचडी डिजिटल अँटेना'. अँटेनाला डिजिटल-ॲनालॉग काही कळत नाही. तो धातूच्या दांड्यांचा सांगाडा आहे, त्याला फक्त वारंवारिता आणि दिशा कळते. असे निव्वळ यूएचएफ अँटेना चुकीचे मुळीच नाहीत. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू, म्हणजे तिथला अँटेनावरचा फुकट टीव्ही, सगळा यूएचएफवरच येतो, आणि इथेही व्हिक्टोरियाच्या गावाकडच्या बऱ्याच भागांत यूएचएफच लागतं. मेलबर्नमध्येही डोंगराआड किंवा इमारतींआड गेलेल्या काही वस्त्यांना छोट्या सहक्षेपकांवरून यूएचएफ पुरवतात. मुख्य मनोऱ्यावर अवलंबून असलेल्या टार्नीटला तो उपयोगाचा नाही, इतकंच.

मग थोडंफार चित्र तरी कसं येत होतं? मनोऱ्यावरून येणारा सिग्नल तगडा असतो. चुकीच्या अँटेनातून, अगदी केबलमधूनही थोडाफार झिरपतो. आधीच्या मालकाला चित्र तुटताना दिसलं असणार आणि त्याने बूस्टर जोडला असणार. जे मुळात नीट आत येतच नाही ते बूस्टर कुठून आणणार? तो गोंगाटासकट सगळं मोठं करतो, म्हणून ताकदीची पट्टी वर आणि गुणवत्तेची खाली.

संध्याकाळी चहा घेताना मी हे सांगत होतो तेव्हा काकांनी एकच प्रश्न विचारला. "ते ठीक आहे. इथला सिंहगड कुठला?"

भावाला कळलं नाही. तो १९९० नंतरचा, केबलच्या जमान्यातला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसू लागलं. तेव्हापासून पुण्यातले सगळे अँटेना सिंहगडाकडे तोंड करून उभे. कावळा बसून अँटेना फिरला की कुणीतरी गच्चीवर, कुणीतरी जिन्यात, कुणीतरी टीव्हीसमोर, आणि "आलं... गेलं... थोडं मागे!" अशी आरोळ्यांची साखळी. काका त्यातले गच्चीवाले.

मेलबर्नचा सिंहगड म्हणजे माउंट डँडेनाँग. शहराच्या पूर्वेला, ६३३ मीटर उंच, सगळ्या वाहिन्यांचे मनोरे त्याच्या माथ्यावर. टार्नीटपासून हवाई अंतर साठ किलोमीटर, आणि दिशा जवळजवळ नेमकी पूर्व. एवढ्या उंचीवरून सपाट मुलखावर नजर ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते, तेव्हा टार्नीट आवाक्यात होतं. बूस्टरवाचून भागायला हवं, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पण मीही लगेच त्यावर विश्वास ठेवला नाही. ते पुढे येईल.

२७ तारखेची संध्याकाळ

रात्री मेलबर्नच्या सवयीप्रमाणे वारा फिरला आणि हवा निवळली. दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून व्हीएचएफ आणि यूएचएफ दोन्ही पकडणारा अँटेना आणला. दुकानात खोक्यावरचं काही वाचलं नाही, सरळ हाताची वीत लावून मोजलं. लांब दांड्या जवळजवळ चार वितींच्या भरल्या. सोबत चांगल्या आवरणाची नवी केबल आणि पिळून बसणारे कनेक्टर. सगळं मिळून १२० डॉलरच्या आत.

खेळ संपल्यावर चढलो. डिसेंबरात इथे साडेआठपर्यंत छान उजेड असतो. शिडी भावाने धरली, कौलांवर रबरी तळव्यांचे बूट, आणि एकट्याने चढायचं नाही हा मावशींचा हुकूम. नव्या वसाहतीत विजेच्या तारा जमिनीखालून नेलेल्या, त्यामुळे ती धास्ती नव्हती. जुन्या भागात घरावरून तार जात असेल तर मी चढलो नसतो, माणूस बोलावला असता.

दिशा लावताना एक गंमत झाली. भावाने फोनवरचं होकायंत्र काढून "९० अंश, इकडे" असं दाखवलं. मेलबर्नमध्ये होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून साधारण ११-१२ अंश पूर्वेकडे कलते. फोन खरी उत्तर दाखवतोय की चुंबकीय, हे आधी बघायला लागतं. त्याचा फोन चुंबकीय दाखवत होता. तेवढ्यात अंगणातून काका म्हणाले, "अरे, शेजाऱ्याचा कुठे बघतोय ते बघा की!" शेजारचा पंजाबी अँटेना, त्याच्या पलीकडचा, त्याच्या पलीकडचा, सगळे एका दिशेला माना करून. स्वच्छ हवेत छपरावरून पूर्वेला डोंगराची निळसर रेघही दिसत होती. अँटेनाच्या छोट्या दांड्यांचं टोक त्या रेघेकडे केलं आणि दांड्या आडव्या ठेवल्या. डँडेनाँगवरून टीव्हीच्या लहरी आडव्या सोडतात, म्हणून दांड्याही आडव्या.

इथे माझी चूक. नवा अँटेना जुन्या बूस्टरला तसाच जोडला. असलेली वस्तू काढून का टाका, हा मध्यमवर्गीय विचार. खाली येऊन बघितलं तर पाचही चॅनल आली, काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दहा मिनिटांनी टेन तुटायला लागलं. मग आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असलेलं ४४ सुद्धा! ताकद १००, गुणवत्ता डळमळीत.

आता बूस्टरला जे सोसवत नव्हतं ते मिळत होतं. पाच तगडे व्हीएचएफ सिग्नल, शिवाय वसाहतीच्या तोंडाशी असलेला मोबाइलचा मनोरा. ऑस्ट्रेलियात टीव्हीचे ६९४ मेगाहर्ट्झच्या वरचे पट्टे रिकामे करून मोबाइलला दिलेत. जुन्या बूस्टरना हे माहीतच नाही. ते आपले मोबाइलच्या पट्ट्यांसकट सगळं इमानदारीने वाढवत बसतात. वाजवीपेक्षा जास्त सिग्नल आत आला की बूस्टर स्वतःच फाटक्या लाउडस्पीकरसारखा बरळतो, आणि त्या बरळण्यात चांगली चॅनलंही बुडतात.

पुन्हा वर. बूस्टर काढला, केबल सरळ जोडली. माळ्यावर चार खोल्यांसाठी चौपदरी स्प्लिटर होता, तोही सोडवला, कारण टीव्ही एकच होता आणि असा स्प्लिटर प्रत्येक वाटेला पाव हिश्शापेक्षाही थोडं कमीच देतो. भिंतीतल्या सॉकेटमागे केबलची जाळी आतल्या तारेला जवळजवळ टेकलेली होती, ते टोक कापून नवा कनेक्टर बसवला.

ताकद ७४. गुणवत्ता १००, पाचही ठिकाणी, आणि ४४ वर पण. भाऊ ताकदीच्या आकड्याकडे बघून म्हणाला, "दादा, कमी झाली की!" काका म्हणाले, "गप रे, चित्र बघ."

रेडिओ

टीव्हीचं मार्गी लागलं तरी काकांचं अर्धंच काम झालं होतं. त्यांना समालोचन रेडिओवर ऐकायचं असतं. टीव्हीवाले चित्र दिसतंय म्हणून आळशी होतात, असं त्यांचं मत, आणि ते अगदीच चूक नाही. एबीसीचं कसोटी समालोचन डिजिटल रेडिओवरच्या एबीसी स्पोर्टवर येतं. फोनवर ॲप आहेच, पण पुन्हा तोच उशीर, आणि फोनवर रेडिओ ऐकणं काकांना मान्यच नाही.

मेलबर्नमध्ये डिजिटल रेडिओ मे २००९ मध्ये सुरू झाला, डॅब प्लस या पद्धतीचा. भावाकडे ब्रिटनमधल्या लेस्टरच्या बहिणीने दिलेला एक देखणा लाकडी डिजिटल रेडिओ होता. त्याने सगळा पट्टा शोधला आणि एकही स्टेशन वाजवलं नाही. मला आधी वाटलं, भिंती अडवतायत. मग मागची पट्टी वाचली. तो नुसता डॅब होता, प्लस नाही. ब्रिटनने आधी सुरुवात केली, म्हणून त्यांचे जुने संच जुन्या पद्धतीचा आवाजच उलगडू शकतात. लहर पोचत असूनही रेडिओला भाषा कळत नाही. तो परत शोकेसमध्ये गेला, तिथे तो शोभतोही.

दुसरा, डॅब प्लसवाला, बऱ्यापैकी स्वस्तात मिळाला. स्वयंपाकघरात तो गुळण्या केल्यासारखा बुडबुडत होता. इथल्या घरांत छपराखाली आणि भिंतींत उष्णता परतवणारं चंदेरी अस्तर असतं. ते उन्हाइतकंच लहरींनाही परतवतं. काकांनी सुचवलं, छपरावरचा अँटेना यालाही जोडा. पट्टा तसा जवळचाच आहे. एबीसी-एसबीएसचा डिजिटल रेडिओ २०६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे टीव्हीच्या नाईन आणि टेनच्या मधोमध. पण रेडिओच्या लहरी उभ्या सोडतात आणि आमच्या दांड्या आडव्या. तसा जोडला तर बराच सिग्नल वाया जातो. शिवाय त्या रेडिओला सॉकेटच नव्हता.

उपाय फुकटचा निघाला. रेडिओ पूर्वेकडच्या खिडकीत ठेवला, दांडी सरळ उभी केली, आणि पूर्ण न ओढता ३६ सेंटिमीटरवर थांबवली. २०६ मेगाहर्ट्झला लहरीचा पाव भाग तेवढाच येतो. मावशींनी मेजरटेप धरला. बुडबुड थांबली. त्याच पट्ट्यात एसबीएसचं साउथ एशियन स्टेशनही मिळालं. मावशींनी ते ताबडतोब आपलं म्हणून जाहीर केलं, हिंदी गाण्यांसाठी.

२८ तारीख

तिसऱ्या दिवशी सकाळी टीव्हीचा आवाज बंद, रेडिओ चालू. दोन्ही हवेतूनच येत होते, पण दोघांचं वेळापत्रक जुळत नव्हतं. डिजिटलमध्ये आवाज आणि चित्र दोन्ही आधी दाबून, गठ्ठे बांधून पाठवतात आणि घरात सोडवतात. त्या गाठी सोडवायला प्रत्येक यंत्राला आपापला वेळ लागतो. आमच्या घरात रेडिओ टीव्हीच्या थोडा मागे होता. ऋषभ पंत बोलंडला तो अचाट फटका मारायला गेला, आडवा झाला, चेंडू डीप थर्डला लायनच्या हातात गेला. काकांनी कपाळावर हात मारला. तो हात अजून कपाळावरच होता तेव्हा खिडकीतून सुनील गावसकरांचा आवाज आला: "स्टुपिड, स्टुपिड, स्टुपिड!"

"बघ," काका भावाला म्हणाले, "माझं आणि सनीचं एकच मत. त्याला जरा उशिरा सुचलं, एवढंच."

त्याच दिवशी नितीशकुमार रेड्डीचं शतक झालं. काकांनी ते न तुटता पाहिलं. कुंपणापलीकडून आरोळी आली ती आमच्या आरोळीबरोबरच. सामना ३० तारखेला आपण हरलो, पण ते काही अँटेनाच्या हातात नव्हतं.

मार्चमध्ये भावाने शयनगृहात दुसरा टीव्ही लावला आणि मला न विचारता तो जुना चौपदरी स्प्लिटर परत जोडला. टेन पुन्हा अधूनमधून तुटतं. दुपदरी घे, निम्मं-निम्मं वाटलं तरी पुरेल, असं मी सांगितलंय. त्याने बूस्टर मात्र अजून टाकलेला नाही, गॅरेजच्या माळ्यावर त्या खोक्यात जपून ठेवलाय.